पांढरी यादी, पिवळी यादी

माणसाचा धंदा लपवायचा असेल तर आधी त्याचे बूट बदलावेत. मग नखं बघावीत. मग खिशातलं पेन, कमरेची किल्ली, मनगटावरचा घड्याळाचा फिकट पट्टा आणि कपाळावरची हेल्मेटची रेघ. वास सर्वांत शेवटी, कारण तो जात नाही, फक्त झाकता येतो. एका मसालेवाल्यावर मी अर्धी बाटली अत्तर ओतलं होतं. पॅनेल शेवटपर्यंत अत्तराच्या मागे लागून राहिलं आणि तो मायक्रोवेव्ह जिंकून गेला.

अशा एकवीस गोष्टींची यादी माझ्याकडे होती. रियाधमध्ये चार सीझन मी एका टीव्ही कार्यक्रमाची पाहुणे-समन्वयक होते. खेडमधल्या माझ्या नणंदेला हे पद अजून पटलेलं नाही. "म्हणजे तू लोकांची नखं कापायचीस?" असं तिने विचारलं होतं. खरं सांगायचं तर, हो, कापायचे.

कार्यक्रमाचं नाव 'बोलो, काम क्या?' खेळ आमचा नव्हे. काळ्यापांढऱ्या टीव्हीच्या काळात परदेशात गाजलेला हा प्रकार. एक पाहुणा येतो. चार जणांचं पॅनेल त्याला प्रश्न विचारतं, त्याने फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. त्यावरून त्याचा व्यवसाय ओळखायचा. दहा 'नाही' जमले की पाहुणा जिंकला. आमचे मालक अबू राकान यांनी त्याच्या जुन्या फिती इंटरनेटवर पाहिल्या आणि ते त्या सुटाबुटातल्या पुरुषांच्या आणि मोत्याच्या माळा घातलेल्या बायकांच्या प्रेमातच पडले. असा कार्यक्रम हिंदीत करायचा, म्हणजे इथला भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, कामगारांचा सगळा कॅम्प तो बघेल, असा त्यांचा हिशेब. हिशेब बरोबर निघाला, पण त्यांना वाटलं होतं त्या कारणासाठी नव्हे.

ऑफिस ओलायातल्या एका टॉवरच्या नवव्या मजल्यावर होतं, काचेचं आणि गालिच्याचं. स्टुडिओ मात्र शहराबाहेर, खजुराच्या जुन्या गोदामात. रेकॉर्डिंग शुक्रवारी दुपारी दोनला. बाहेर गाडीच्या दाराला हात लावला तर भाजावा असं ऊन, आणि आत पॅनेल रात्रीच्या मेजवानीच्या पोशाखात. पॅनेलवर एक दाताचे डॉक्टर, लखनौचे. एक बँक अधिकारी, जे प्रत्येक पाहुण्याला कर्ज मागायला आल्यासारखं तपासायचे. एका शाळेच्या उपमुख्याध्यापिका, ज्या चुकीच्या उत्तराबद्दल पाहुण्यालाच रागवायच्या. आणि एक तरुण मुलगी, जी बर्गर खाऊन तो कसा लागला ते तिच्या चाहत्यांना सांगत असे. तिचा व्यवसाय आमच्या कार्यक्रमात कोणालाही ओळखता आला नसता.

यांतले डॉक्टर हे आमचं नाणं. त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता: "आपके काम में कोई रोता है?" त्यावर प्रेक्षक हसायचे, कारण डॉक्टर दातांचे. दर भागात तोच प्रश्न, तेच हसू. डॉक्टरांना वाटायचं आपण फार चतुर आहोत. ते ड्रायव्हरला खजुराचा खोका देऊन पाहुणा कुठल्या दारात चढला ते विचारून घेतात, हे मला दुसऱ्याच आठवड्यात समजलं. तेव्हापासून मी प्रत्येक पाहुण्याला हॉस्पिटलच्या दारातून उचलायला लागले. डॉक्टर सलग तीन भाग "कंपाउंडर?" विचारत राहिले.

पहिल्या सीझनमध्ये सगळं सरळ होतं. जो जे करतो तेच उत्तर. सातवा पाहुणा केरळचा स्वयंपाकी होता, एका कंपनीच्या कॅम्पात चारशे माणसांचं जेवण करणारा. पॅनेलने त्याला ओळखलं, टाळ्या झाल्या, त्याने सेटवर कांदा चिरून दाखवला. भाग दाखवला गेला आणि चौथ्या दिवशी त्याच्या कंपनीच्या दारात तपासनीस उभे. कारण त्याच्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्यावर, व्यवसाय लिहिला होता 'बकऱ्या राखणारा'.

बाहेरच्यांसाठी हे सांगायला हवं. इकाम्यावर तुमचा व्यवसाय छापलेला असतो आणि तुम्ही तोच करायचा असतो. पण व्हिसा ज्या कामाचा मिळाला त्यावर माणूस येतो आणि मिळेल त्या कामाला लागतो. मग सातारचा लिफ्ट दुरुस्त करणारा कागदावर खजुराच्या झाडावर चढतो आणि मंगळूरचा हिशेबनीस कागदावर विहिरी खणतो. हे सगळ्यांना माहीत असतं. फक्त ते टीव्हीवर सांगायचं नसतं.

त्या स्वयंपाक्याच्या कंपनीने धावाधाव करून त्याला रीतसर स्वयंपाकी करून घेतला. आमच्या कार्यक्रमामुळे ज्याचं भलं झालं असा तो एकच माणूस. पण आमचे वकील घाबरले. त्यांना सगळे 'उस्ताझ' म्हणत. उस्ताझनी नियम काढला: यापुढे पाहुण्याचा व्यवसाय म्हणजे इकाम्यावर असेल तो. दुसरा नाही.

"पण उस्ताझ, मग ओळखायचं काय?" मी विचारलं.

"तो तुमचा विभाग," ते म्हणाले.

तेव्हापासून माझ्याकडे दोन याद्या झाल्या. पांढऱ्या कागदावर कागदोपत्री व्यवसाय. ती यादी सूत्रसंचालक समीरच्या फाइलीत जायची. हा समीर हैदराबादचा, गोड आवाजाचा आणि समोर ठेवाल ते वाचणारा. पिवळ्या कागदावर खरा व्यवसाय. ती यादी माझी, कारण कोणाचे बूट बदलायचे आणि कोणाची नखं घासायची ते मला त्यावरूनच समजणार.

दुसरा सीझन म्हणजे निव्वळ तमाशा. लिफ्टवाला आला. डॉक्टरांनी सहा प्रश्नांत ओळखलं, खुर्चीतून उठून म्हणाले, "लिफ्ट रिपेअर!"

"ग़लत!" समीर आनंदाने ओरडला. "हे खजुराच्या झाडावर चढतात!"

लिफ्टवाला इतका हसला की त्याचा माइक निघाला. पुढच्या आठवड्यात शिंपी आला, तो मासे पकडणारा निघाला. मग इंग्रजीचा खाजगी शिक्षक आला, तो उंट पाळणारा निघाला. पॅनेलला काही कळेना. बँकवाले म्हणाले, "हल्ली लोकांच्या हातांवरून काही सांगता येत नाही." चार सुशिक्षित माणसं आख्खा सीझन तिथे बसली आणि आपण बरोबर ओळखतोय म्हणूनच हरतोय हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. शेवटी शेवटी डॉक्टर पहिलाच प्रश्न "बकऱ्या?" असा टाकायचे.

कॅम्पातल्या लोकांना मात्र पहिल्याच भागात समजलं. ते दोन गोष्टी ओळखायचे: हा खरा काय करतो आणि कागदावर काय असेल. त्यावर पैजा लागायच्या. राबिघच्या रिफायनरीतले वेल्डर मला फोन करून सांगायचे, "मॅडम, आज दोन्ही बरोबर!" अबू राकान लोकप्रियतेचे आकडे बघून म्हणाले, "पॅनेल फार छान आहे." मी मान डोलावली.

हसणाऱ्यांत मीही होते आणि मला तो अधिकार नव्हता. मी नवऱ्याच्या व्हिसावर गेलेली. पहिली दोन वर्षं माझ्या इकाम्यावर स्पष्ट छापलं होतं: काम करण्याची परवानगी नाही. पुढे नियम सैल झाले आणि मला रीतसर परवाना मिळाला, त्यावर माझा व्यवसाय 'शिवणकाम शिक्षिका'. मला बटण लावता येतं.

तिसऱ्या सीझनपर्यंत रियाध संपलं होतं. जो सापडे तो आयटीतला. म्हणून मी जेद्दाला गेले, तिथल्या शराफिया भागात. तिथे दोन दिवस नुसती चालले. तिसऱ्या दिवशी एका कार्गोच्या दुकानाच्या मागच्या भागात उस्मानकाका दिसले.

ते पेट्या बांधायचे. सुट्टीवर गावी निघालेला माणूस आपलं सामान आणून त्यांच्यापुढे ओतायचा आणि ते त्याची पेटी करून द्यायचे. ब्लँकेट चारही बाजूंनी, जड डबे मध्ये, अत्तराच्या बाटल्या मोज्यात आणि मोजे बुटात. पण हात लावण्याआधी ते प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचे: "पेटी उघडणार कोण?" आई म्हटलं की आईची वस्तू सगळ्यांत वर. बायको म्हटलं की बायकोची. मग चिकटपट्टी, मग नायलॉनची दोरी, आडवी दोन, उभी दोन, आणि वर मुठीला बरोबर बसेल असा वेढा. शेवटी चारही बाजूंना मार्करने नाव, गाव, तालुका, जिल्हा. उचलून म्हणाले, "एकोणतीस आठशे." काट्यावर ठेवली. एकोणतीस आठशे.

याद्या करणाऱ्या बाईला असा माणूस दिसला की काय होतं ते मी सांगत बसत नाही. मी तिथेच स्टूल ओढून बसले. माणूस हर्णैचा निघाला, साठीच्या जवळचा, शराफियात तीस वर्षं.

"काका, टीव्हीवर येणार का?"

"मी? काय करू तिथं?"

"काही नाही. तुमचं काम काय ते चार शहाण्यांनी ओळखायचं."

"ते माझ्या कफीलला पण ठावं नाय, बाय." कफील म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो मालक. "कफीलला वाटतं मी त्याच्या मेव्हण्याची गाडी चालवतो. मेव्हण्याला वाटतं मी कफीलची चालवतो."

"म्हणजे इकाम्यावर ड्रायव्हर?"

"घरगुती ड्रायव्हर."

"आणि गाडी येते?"

"सायकल येते. उताराला."

मी त्यांना नियम समजावला. उत्तर इकाम्यावरचंच जाणार, तुम्ही ड्रायव्हर म्हणूनच दिसणार, पेटीचं नाव निघणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे टीवीवर पण ड्रायवरच." आवाजात काहीतरी होतं, पण मी तेव्हा तिकिटाची तारीख लिहीत होते.

रेकॉर्डिंगच्या दिवशी ते पांढरा कडक सदरा घालून विमानाने आले. "तीस वर्षांत पहिल्यांदा रिकाम्या हातानं विमानात बसलो," म्हणाले. "सारखं वाटत होतं, कायतरी राहिलंय." मी त्यांच्या बोटांना मलम लावलं, कारण दोरीने तर्जनीला खोबण पडली होती. त्या दिवशी पाठोपाठ दोन भाग होते. पाहुणे आधीच दिसू नयेत म्हणून तीनदा पॅनेलचा रस्ता बदलावा लागला, डॉक्टर संडासाच्या निमित्ताने हिंडत होते. आणि त्या गडबडीत मी समीरच्या फाइलीत पिवळा कागद घातला.

खेळ सुरू झाला. काकांची हिंदीही हर्णैचीच होती, म्हणून इथे मराठीतच देते.

"तुम्ही बसून काम करता?"

"नाय. वाकून."

"फक्त हो किंवा नाही," उपमुख्याध्यापिका म्हणाल्या.

"नाय."

"माल विकता?" नाही. "काही बनवता?" यावर काका विचारात पडले आणि नाही म्हणाले. "बकऱ्या?" नाही. आठ 'नाही' झाले. मग डॉक्टरांनी टाय सरळ केला आणि आपला प्रश्न काढला. कोणी रडतं का?

"हो," काका म्हणाले.

प्रेक्षक हसायला लागले आणि मध्येच थांबले. डॉक्टर मात्र फुलले. आयुष्यात पहिल्यांदा त्या प्रश्नाला 'हो' मिळालं होतं. "दवाखाना!" नववा नाही. "शाळा?" दहावा नाही.

समीरने फाइल उघडली आणि वाचलं, "उस्मानभाई शराफियात पेट्या बांधतात! गावी जाणाऱ्यांच्या पेट्या!"

कॅमेऱ्यामागे माझ्या हातात पांढरा कागद होता.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात हलवला असता, रेकॉर्डिंग थांबवलं असतं, तर थांबलं असतं. मला वाटलं, हे अजून दाखवलं कुठे जातंय, नंतर निस्तरू. काका समीरकडे वळले आणि म्हणाले, "हो. पेट्या बांधतो." मग कोणी न सांगता उठले. बक्षिसाचा मायक्रोवेव्ह ज्या खोक्यातून आला होता तो पडला होता, शेजारी दोरीचं बंडल होतं. त्यांनी खोका मांडीशी घेतला आणि बांधायला लागले.

"पण रडतं कोण?" डॉक्टरांनी विचारलं. आता खेळ संपला होता, तरी.

"एखादा माणूस इथंच जातो," काका दोरी ओढत म्हणाले. "मग खोलीतले लोक त्याचं सामान घेऊन येतात. ती पण पेटीच. मी विचारतो, उघडणार कोण? कोणाला सांगता येत नाय. वर काय ठेवायचं ते मला अजून समजलेलं नाय." मग वेढा घातला, मूठ ओढून पाहिली आणि पेटी डॉक्टरांपुढे ठेवली. "उचला. बोट कापणार नाय."

डॉक्टरांनी उचलली. मग स्वतःचं बोट उलटंसुलटं करून पाहिलं. बर्गरवाल्या मुलीचं काजळ उतरलं. तिने स्वतःचा फोटो काढला नाही, यावरून रडणं खरं होतं असं आम्ही धरलं.

अबू राकान तर नाचायचेच बाकी होते. "गुरुवारी हाच! जाहिरात आजपासून!"

मी त्यांना ऑफिसात गाठलं आणि सांगितलं की हा माणूस कागदावर घरगुती ड्रायव्हर आहे.

"त्या स्वयंपाक्याचं झालं की नीट."

"त्याच्यामागे कंपनी होती. यांच्यामागे एक कफील आहे, ज्याला हे दिसले की आधी तोच हात झटकणार. हे सरळ घरी जातील, आणि परत यायची बंदी वर."

"चेहरा धूसर करू."

"मग प्रेक्षकांना वाटेल काका चोर आहेत. आणि आख्खं शराफिया त्यांना हातांवरून ओळखतं."

"मॅडम वंदना," अबू राकान म्हणाले, आणि ते वाईट माणूस नव्हते, "दोन सीझन मी या कार्यक्रमात उंट पाळणारे शिक्षक दाखवतोय. एकदा तरी एक माणूस जे करतो ते दाखवू द्या."

 मी माझ्या टेबलाशी गेले. टीव्हीच्या धंद्यात पाहुण्याने सही केलेला संमतीचा फॉर्म नसेल तर भाग दाखवता येत नाही. चॅनेलचा तो नियम दगडी होता. काकांचा फॉर्म माझ्या फाइलीत बाविसाव्या क्रमांकावर होता, मराठी सहीचा. तो काढला, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवला. मग जाऊन सांगितलं की बाविसाव्या पाहुण्याने सही दिलेली नाही.

अबू राकाननी फाइल मागून घेऊन स्वतः चाळली. "तुमच्याकडून आजवर एक कागद हरवलेला नाही."

"हरवला नाही. त्यांनी दिलाच नाही."

"मालेश," ते शेवटी म्हणाले. जाऊ दे. आणि उंटवाल्या शिक्षकाचा भाग पुन्हा दाखवायला सांगितला.

मग काकांना फोन केला. "काका, आवाज नीट आला नाही. मशीनची गडबड. भाग दाखवता येणार नाही."

पलीकडे दुकानाचा गलका चालू होता. "सगळाच गेला?"

"सगळाच."

"नातीला सांगून ठेवलंय. शाळेत पण सांगितलान तिनं."

"पुन्हा बोलावू," मी म्हटलं. पुन्हा बोलावलं नाही. चौथ्या सीझननंतर आमची वेळ गाण्याच्या स्पर्धेला दिली गेली. डॉक्टर आता तिथे परीक्षक आहेत.

माझ्या मनातल्या यादीत त्या कामावर बरोबरची खूण होती. मी एका माणसाला वाचवलं होतं. काका पुढे तीन वर्षं शराफियात पेट्या बांधत राहिले, मग स्वतःची पेटी बांधून कायमचे हर्णैला आले. आम्हीही खेडला परतलो. संपादनाच्या खोलीतून तो भाग मी पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवला होता. गेल्या हिवाळ्यात तो घेऊन हर्णैला गेले.

घर बंदराकडच्या उतारावर. अंगणात म्हावरं वाळत होतं. काका वाळले होते, पण ताठ. चहा झाला, नात येऊन बघून गेली, आता कॉलेजला जाते. मी मोठ्या उत्साहात सगळं सांगितलं: आवाज ठणठणीत होता, मशीनला काही झालं नव्हतं, फॉर्म मीच काढून घेतला, नाहीतर तुम्हाला हाकललं असतं. आणि खरं सांगते, आभाराची वाट बघत थांबले.

काकांनी कप खाली ठेवला.

"तीन वर्षं लोक मला काय म्हणाले, तुला ठावं हाय?"

मला माहीत नव्हतं.

"म्हणाले, म्हातारा रियाधला गेला आणि नापास होऊन आला. टीवीवाल्यांनी काढून टाकला. दुकानात येणारा प्रत्येक जण. 'काका, तुमचा पिक्चर कधी?' नात शाळेत खोटी ठरली." ते रागाने बोलत नव्हते. वस्तू एकेक खाली ठेवाव्यात तसं बोलत होते. "आणि मी सगळ्यांना सांगत बसलो, मशीन बिघडली. कारण तू सांगितलंस."

"काका, तुम्हाला परत पाठवलं असतं."

"पाठवला असता. त्या दिवशी तुझ्याकडे बघून मी पेटीचं नाव घेतलं ते काय येडा म्हणून? तीस वर्षं ड्रायवर होतो. मला ठावं होतं काय होईल ते."

मी म्हटलं, माझी चूक होती, पिवळा कागद मी घातला, मग निस्तरायचंही मीच.

"कागदाची चूक होते," काका म्हणाले. "तिचा राग नाय. पण बघ. पेटी भरतो, काट्यावर ठेवतो, वजन जादा. एक चीज काढावीच लागते. ब्लँकेट काढू, दुधाचा डबा काढू, का पोरीची बाहुली? मला कळतं की, कुठली काढली तर बरं. पण तीस वर्षांत माझ्या मनानं एक चीज काढली नाय मी. गिऱ्हाईक चहाला गेला असेल तर पेटी उघडी ठेवून थांबलोय, मागं लाइन लागली तरी. त्याची पेटी हाय. त्यानं सांगायचं." मग म्हणाले, "तू मला विचारायचं होतंस, बाय."

एकवीस गोष्टींच्या यादीत ही नव्हती. मी "चुकलं" म्हटलं. ते "चहा घे" म्हणाले.

मग नातीने टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. शेजारची चार घरं आली, कोणी खिडकीतून बघत होतं. प्रश्न आले, हशा आला, दहावा 'नाही' आला. समीरने व्यवसाय वाचला तेव्हा खिडकीतले लोक आत आले. काका एकदाच बोलले, दोरीचा शेवटचा वेढा दिसला तेव्हा: "तिसरी गाठ ढिली राहिली." डॉक्टरांनी पेटी उचलली आणि नातीने आजोबांना विचारलं, "दादा, हा कोण?"

"शाणा हाय," काका म्हणाले. "त्याला काय आलं नाय."

निघताना मी दारात उभी राहून विचारलं. हे मला लिहायचं आहे, दिवाळी अंकात, लोक वाचतील. नाव बदलून लिहू का? त्यांनी बायकोला आतून बोलावलं, तिच्याशी हळू आवाजात बोलले, नातीचं मत घेतलं. मी पायरीवर थांबले, चप्पल घालून, रिक्षा वाट बघत असताना.

या लेखातली बाकी सगळी नावं मी बदललेली आहेत, माझंसुद्धा. उस्मानकाकांचं बदललेलं नाही.